वांगी साडी निळी कशी दिसली: ऑनलाईन दुकानाचे फोटो आणि व्हिडिओ सांभाळायचे कसे

माझ्या मावशीचं साड्यांचं छोटं ऑनलाईन दुकान आहे, पैठणी आणि सेमी पैठणी (यंत्रमागावरची, स्वस्त), माल बहुतेक येवल्याहून येतो, आणि फोटो-व्हिडिओचा सगळा कारभार माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला, तिलाही साड्या ऑनलाईन विकायच्यात, म्हणाली फोन चांगला आहे, फोटो मस्त येतात, अजून काय लागतं? सांगता सांगता पाऊण तास गेला आणि तरी निम्मं राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. उदाहरणं साडीचीच देणार कारण मला तेच नीट माहितीये, पण तुम्ही चपला विका नाहीतर मसाले, अडचणी याच येतात.

सुरुवात परत आलेल्या एका साडीपासून करते. वांगी रंगाची साडी, हिरवा काठ, नावातच "वांगी" असं लिहिलेलं. नागपूरच्या एका ताईंनी घेतली आणि पार्सल पोचल्याच्या दिवशी संध्याकाळी फोन, "तुम्ही निळी दाखवली आणि जांभळी पाठवली." मला आधी रागच आला, एवढं ठळक लिहिलंय ना वांगी म्हणून. मग वेबसाईट उघडून बघितलं तर फोटोत साडी खरंच निळी होती, शाईसारखी निळी. ताईंचं काही म्हणजे काही चुकलं नव्हतं, कपडा घेताना माणूस नाव वाचत नाही, रंग बघतो. साडी परत घेतली, दोन्ही बाजूंचं कुरियर आम्ही भरलं, आणि मग मी हा विषय शिकायला बसले.

वांगी, जांभळा, गडद बैंगणी असे रंग कॅमेऱ्याला नीट धरता येत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरवी आणि निळी अशा तीनच प्रकारच्या गाळण्या असतात आणि बाकीचे सगळे रंग या तिघांच्या हिशोबातून तयार होतात. जांभळ्या कापडावरून येणारा उजेड आपला डोळा जसा वाचतो तसा या गाळण्या वाचत नाहीत, हिशोबात लाल कमी पडतो आणि निळा तेवढा उरतो. त्यात वर ट्यूबलाईट चालू आणि बाजूच्या खिडकीतूनही उजेड असं असेल तर फोन बिचारा कुठल्या उजेडाला पांढरा म्हणायचं तेच ठरवू शकत नाही. म्हणून आता आमचा नियम असा की फोटो सकाळी नऊ ते अकराच्या मध्ये, खिडकीजवळ, थेट ऊन न पडता, आणि घरातले सगळे दिवे बंद. पहिल्या फोटोत साडीच्या कडेला एक साधा पांढरा कागद ठेवते, नंतर एडिट करताना त्या कागदावर बोट ठेवून "हा पांढरा" असं ॲपला सांगितलं की बाकीचे रंग बरेचसे जागेवर येतात. तरी वांगी आणि जांभळा हाताने थोडा लालाकडे ढकलावा लागतो, आणि हे करताना साडी शेजारी पाहिजे म्हणजे पाहिजेच, आठवणीतून रंग जुळवायचा नाही, कारण रात्री लॅपटॉपसमोर बसून आठवलेला रंग आणि सकाळचा खरा रंग यात फार फरक पडतो.

अजून एक छुपी गोष्ट आहे रंगाची. नवे आयफोन आणि काही महागडे फोन जास्त मोठ्या रंगपट्टीत फोटो काढतात, त्याला डिस्प्ले पी-३ म्हणतात, आणि वेबवर सगळीकडे चालणारी जुनी पट्टी म्हणजे एस-आरजीबी, ती १९९६ची. फाईलमध्ये कुठली पट्टी वापरलीये याची एक नोंद असते, आणि फोटो लहान करणारं एखादं फुकट ॲप ती नोंद उडवून टाकतं, मग तोच फोटो वेबसाईटवर फिका, मरगळलेला दिसतो. राणी रंगाच्या साडीवर हे लगेच कळतं. उपाय सोपा आहे, शेवटची फाईल सेव्ह करताना एस-आरजीबी निवडायचं, एवढंच.

आता मुळात फोटो किती आणि कुठले? मी मावशीच्या घरी गिऱ्हाईक येतं तेव्हा बघत बसते. बाई साडी हातात घेते, आधी पदर पूर्ण उघडायला लावते, मग काठ चिमटीत धरून जर (जरीचं काम) बघते, मग हमखास पदर उलटा करून मागची बाजू बघते, मग साडी दारात उजेडात नेते, आणि शेवटी खांद्यावर टाकून आरशात बघते. ऑनलाईन यातलं काहीच करता येत नाही, म्हणून यातली प्रत्येक हालचाल म्हणजे एक फोटो. पूर्ण पदर, काठ जवळून, उलटी बाजू, अंगावरची बुट्टी जवळून, ब्लाऊजपीस, नेसलेली किंवा खांद्यावर टाकलेली, आणि घडी घातलेली साडी. उलट्या बाजूचा फोटो बहुतेक ऑनलाईन दुकानात नसतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण हातमागावर जुन्या पद्धतीने विणलेल्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात हाताने अडकवत नेलेला असतो, त्यामुळे मोर पुढून जसा दिसतो तसाच मागून दिसतो. यंत्रमागावरच्या साडीत मागे धागे मोकळे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. जाणकार बायका मेसेजमध्ये पहिला प्रश्न हाच विचारतात, पदराची मागची बाजू दाखवा. आम्ही सेमीचीही मागची बाजू दाखवतो आणि सेमी आहे असं स्पष्ट लिहितो, तीन हजारांची साडी घेणाऱ्या बाईला ती तीन हजारांचीच आहे हे माहीत असावं.

फोटो झाले. आता खरं डोक्याला ताप देणारं काम, म्हणजे कुठला फोटो कुठल्या साडीचा हे कधीच न विसरणं. हसण्यावारी नेऊ नका, एका दिवसात पंचवीस साड्यांचे फोटो काढले की फोनमध्ये दोनशे फोटो असतात, त्यात तीन राणी, दोन मोरपंखी, सगळ्यांच्या पदरावर बांगडी मोर, आणि रात्री बसल्यावर कुठे एक साडी संपली आणि दुसरी सुरू झाली ते कळत नाही. आमच्याकडे एकदा दोन राणी साड्यांचे पदर असेच बदलले गेले, एकीवर मोर होते आणि दुसरीवर मुनिया म्हणजे पोपटाची नक्षी, आणि गिऱ्हाईकाला पोपटाचा पदर बघून मोराची साडी गेली. तेव्हापासून चिठ्ठी सुरू केली. साडीला येवल्याहून आल्याआल्या एक नंबर द्यायचा, समजा ११२, तो साडीच्या टॅगवर लिहायचा, तोच एका कागदावर स्केचपेनने मोठा लिहायचा आणि प्रत्येक साडीचा पहिला फोटो त्या चिठ्ठीसकट काढायचा. हा फोटो वेबसाईटवर जात नाही, तो फक्त आपल्यासाठी, गॅलरीत चिठ्ठी दिसली की इथून पुढची साडी ११२. इतकी साधी गोष्ट आहे पण माझे दर आठवड्याचे दोन तास वाचतात.

मग फाईलची नावं. फोन देतो ती नावं म्हणजे चार आकडी नंबरांची रांग, त्यातून काही कळत नाही. आम्ही नाव देतो साडीचा नंबर, रंग, आणि फोटोत काय आहे ते, म्हणजे ११२-वांगी-पदर, ११२-वांगी-उलट, असं. हे टाईप मात्र इंग्रजी छोट्या अक्षरांत करायचं, मध्ये स्पेस न देता डॅश द्यायचा, कारण मराठीत नाव दिलं तर लिंकमध्ये त्याचं टक्क्याच्या चिन्हांनी भरलेलं लांबलचक शेपूट होतं. नाव नीट असलं की गूगलच्या इमेज सर्चलाही थोडा अंदाज येतो फोटोत काय आहे त्याचा, पण खरा फायदा आपल्यालाच, सहा महिन्यांनी सर्चमध्ये ११२ टाकलं की सगळं एकाखाली एक.

फोल्डर तीन ठेवा, जास्त नको. एकात मूळ फोटो, जसे फोनमधून आले तसे, त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्यात रंग दुरुस्त केलेले मोठे फोटो. तिसऱ्यात वेबसाईटसाठी लहान केलेले. लोक काय करतात, मूळ फोटोच क्रॉप करून त्यावरच सेव्ह करतात, आणि मग उद्या चौकोनी फोटोच्या ऐवजी उभा पाहिजे झाला की साडी परत उघडा, परत इस्त्री करा, परत खिडकी. आणि साडी तोवर विकली गेली असेल तर ते पण नाही. जेपेगची गंमत अशी की उघडून, बदल करून परत सेव्ह केलं की दर वेळी थोडी थोडी माहिती कमी होत जाते, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. बॅकअप गूगल फोटोजवर ठेवत असाल तर एक बघून घ्या, तिथे "स्टोरेज सेव्हर" असेल तर फोटो दाबून साठवले जातात, मूळ दर्जा पाहिजे तर सेटिंग बदलावं लागतं, आणि १ जून २०२१ पासून दोन्ही प्रकारचे फोटो त्या फुकटच्या १५ जीबीतच मोजले जातात. आम्ही एक हार्ड डिस्क आणि एक क्लाऊड असं दोन्ही ठेवतो.

व्हॉट्सॲपबद्दल कळकळीने सांगते. येवल्याचे विणकर दादा किंवा फोटो काढून देणारी भाची व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते आणि आपण तोच वेबसाईटवर चढवतो, तर ते नका करू. व्हॉट्सॲप पाठवताना फोटो लहान आणि हलका करून टाकतं, साडीची जर म्हणजे बारीक चमकत्या रेषा असतात, त्या पहिल्या फटक्यात चिखल होतात. २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय, तो बरा आहे, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाईल आहे तशी येते. दादांना एकदा फोनवर समजावून सांगितलं, पिनच्या चिन्हावर दाबा, डॉक्युमेंट निवडा, आता ते तसंच पाठवतात.

आता साईझ. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो कारण साईझ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक फोटो किती ठिपक्यांचा (पिक्सेलचा) आहे ते आणि दुसरी फाईल किती जड आहे ती. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४०३२ गुणिले ३०२४, सव्वा कोटीच्या आसपास ठिपके. गिऱ्हाईकाच्या फोनची रुंदी बहुतेक १०८० ठिपक्यांची असते. म्हणजे आपण पोतं पाठवतोय आणि तिच्याकडे वाटी आहे, बाकीचं सगळं सांडतं, पण डेटा मात्र तिचा जातो आणि वेळही तिचाच. तोच फोटो १२०० गुणिले १६०० केला तर वीस लाखांच्या आत ठिपके, सहापट कमी, आणि फोनवर डोळ्याला फरक दिसत नाही. पण झूम करून जर बघायची असते ना, म्हणून आम्ही अगदी लहानही करत नाही, लांब बाजू २००० च्या आसपास ठेवतो आणि सेव्ह करताना क्वालिटी ८० टक्क्यांच्या जवळ. फाईल दोनशे ते चारशे केबीत बसते. साध्या कॉटनची अजून हलकी होते, भरजरी पदराची जड, कारण जितका बारीक तपशील तितकं दाबायला कठीण.

फॉरमॅट कुठला, तर फोटोसाठी जेपेग किंवा वेबपी. वेबपी गूगलने २०१० मध्ये आणलं आणि सारख्याच दर्जाला फाईल जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान होते असं गूगलच सांगतं. पीएनजी फक्त लोगोसाठी, मागे पारदर्शक पाहिजे असेल तर, साडीचा फोटो पीएनजीत ठेवलात तर विनाकारण कितीतरी पट जड होईल. आयफोन २०१७ पासून एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये फोटो साठवतो, तो सगळीकडे उघडत नाही, तेव्हा आधी बदलून घ्या नाहीतर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये "मोस्ट कम्पॅटिबल" करून टाका.

प्रत्येक ठिकाणाचे नियम वेगळे आहेत हेही लक्षात असू द्या. शॉपिफायवर (तयार ऑनलाईन दुकान देणारी सेवा) चौकोनी फोटो २०४८ गुणिले २०४८ सुचवतात, फाईल २० एमबीपर्यंत चालते आणि गिऱ्हाईकाच्या ब्राऊझरला चालत असेल तर तेच वेबपी करून देतात, आपण वेगळं काही करायचं नाही. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स (स्वतःची वेबसाईट आणि त्यावर दुकान चालवायची सॉफ्टवेअरं) असेल तर प्रत्येक फोटोच्या ते आपोआप पाच-सहा किंवा जास्तही लहान-मोठ्या प्रती बनवतं, यादीसाठी वेगळी, पानासाठी वेगळी, त्यामुळे होस्टिंगची, म्हणजे वेबसाईटसाठी भाड्याने घेतलेली, जागा आपल्याला वाटते त्यापेक्षा फार पटकन भरते. २५६० ठिपक्यांपेक्षा मोठा फोटो टाकला तर २०१९ पासून ते स्वतःच लहान करून वापरतं, पण मूळ जड फाईलही तिथेच ठेवतं. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोचं बॅकग्राउंड शुद्ध पांढरं लागतं, अगदी २५५, २५५, २५५ वालं पांढरं (लाल, हिरवा, निळा तिन्ही पूर्ण), वस्तूने फोटोचा ८५ टक्के भाग भरलेला पाहिजे, आणि झूम चालायला लांब बाजू किमान १००० ठिपक्यांची. या मुख्य फोटोवर अक्षरं, लोगो, वॉटरमार्क काही चालत नाही. गूगल शॉपिंगलाही फोटोवरचं "५०% सूट" वगैरे चालत नाही.

वॉटरमार्कवर माझं मत सांगू का, पदराच्या मधोमध दुकानाचं नाव मारू नका. फोटो चोरीला जातात हे खरं आहे, आमचेही गेलेत, दुसऱ्याच्या पानावर आपलीच साडी आपल्याच मावशीच्या खिडकीतली बघून पोटात कालवतं. पण गिऱ्हाईकाला मोर बघायचाय आणि तुम्ही मोराच्या तोंडावर नाव छापलंय तर नुकसान आपलंच. मूळ मोठे फोटो आपल्याकडे असतील तर आपला फोटो आपला आहे हे दाखवणं सोपं जातं, त्यासाठी पण ते पहिलं फोल्डर.

सगळ्या फोटोंचा आकार एकच ठेवा, हे दिसायला छोटं पण दुकानाचं रूप बदलणारं आहे. एक फोटो उभा, एक आडवा, एक चौकोनी असं झालं की यादीचं पान तोडलेल्या भिंतीसारखं दिसतं, आणि वर वेबसाईटची थीम (तिच्या रूपाचा तयार साचा) सगळ्यांना एका साच्यात बसवायला स्वतःच कापते, मग नेमका पदराचा काठ कापला जातो. आम्ही ३ ला ४ असा उभा आकार धरलाय, साडीला तो शोभतो आणि फोनच्या स्क्रीनवर भरून दिसतो.

वेगाचं थोडक्यात. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट किती वेळात दिसते ते गूगल मोजतं आणि २.५ सेकंदांच्या आत दिसली तर चांगलं म्हणतं, साडीच्या पानावर ती गोष्ट म्हणजे जवळपास नेहमी पहिला फोटो. म्हणून पहिला फोटो सगळ्यात हलका आणि सगळ्यात आधी आला पाहिजे. खालचे फोटो स्क्रोल केल्यावरच उतरावेत यासाठी लेझी लोडिंग असतं, चांगलं आहे, पण काही प्लगिन (वेबसाईटला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) ते पहिल्या फोटोलाही लावून ठेवतात आणि मग पान उघडतं आणि वरच पांढरा चौकोन दिसत राहतो. तुमच्या साईटवर तसं होत असेल तर पहिला फोटो त्यातून वगळायला सांगा. तपासताना घरच्या वायफायवर तपासू नका, वायफाय बंद करून मोबाईल डेटावर, शक्यतो आईच्या जुन्या फोनवर उघडून बघा.

"फोटो बदलला पण जुनाच दिसतोय", ही तक्रार तर प्रत्येकाची. होतं काय, वेबसाईटच्या फोटोंच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर आणि गिऱ्हाईकाच्या ब्राऊझरमध्ये साठवलेल्या असतात म्हणजे दर वेळी लांबून आणावे लागू नयेत, त्याला कॅश म्हणतात. तुम्ही त्याच नावाने नवा फोटो चढवलात तर वाटेतल्या सर्व्हरला नाव तेच दिसतं, तो जुनीच प्रत काढून देतो. ती वांगी साडी मी रंग दुरुस्त करून परत चढवली तेव्हा मला नीट दिसत होती आणि मावशीला दोन दिवस निळीच दिसत होती. तेव्हा नवा फोटो म्हणजे नवं नाव, शेवटी फक्त व्ही-२ लावलं तरी पुरतं. लिंक व्हॉट्सॲपवर शेअर केल्यावर जो छोटा फोटो दिसतो तोही असाच साठवलेला असतो आणि जरा जास्तच चिवट असतो.

एकाच डिझाईनच्या चार रंगांच्या साड्या असतील तर रंग निवडल्यावर फोटोही बदलला पाहिजे, हे प्रत्येक रंगाला त्याचा त्याचा फोटो जोडून करावं लागतं, ते आपोआप होत नाही. गिऱ्हाईक "मोरपंखी" दाबते आणि वर फोटो डाळिंबीच राहतो, मग ती फोन करते, किंवा करतच नाही आणि निघून जाते. सगळ्या रंगांचे फोटो काढायचा कंटाळा म्हणून एकाच फोटोचा रंग कॉम्प्युटरवर बदलून चार साड्या दाखवणारे आहेत, त्यांना मी हात जोडून सांगेन की असं नका करू, पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो पुष्कळदा, तो रंग कॉम्प्युटरवर बदलून येतच नाही.

आणि यातूनच व्हिडिओ. धूपछाव साडी माहितीये ना, इकडून बघितली तर जांभळी, तिकडून बघितली तर हिरवट, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या म्हणून. फोटो यातला एकच क्षण धरतो आणि तो कुठलाही धरला तरी अर्धाच खरा असतो. अशा साडीला वीस-पंचवीस सेकंदांचा व्हिडिओ पाहिजेच. मावशी खिडकीसमोर उभी राहते, पदर हातावर घेते आणि मनगट सावकाश वळवते, बाकी काही नाही, गाणं नाही, स्लो मोशन नाही. मग पदर सोडून देते, तो कसा पडतो त्यावरून रेशीम किती जड आहे ते कळतं. ती मनगटाची हालचाल बघून ज्यांनी साडी घेतली त्यांच्यापैकी रंगाची तक्रार अजून एकीचीही आली नाही.

व्हिडिओची फाईल हा वेगळाच प्राणी. फोर-के मध्ये काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ सहज शंभर एमबीच्या आसपास जातो, तो तसाच पानावर टाकला तर गिऱ्हाईकाचा डेटा आणि पेशन्स दोन्ही संपतं. १०८० मध्ये काढा, आवाज काढून टाका, एमपी-४ मध्ये थोडा दाबून (कॉम्प्रेस करून) सेव्ह करा, पंचवीस सेकंद दहा एमबीच्या आत बसवता येतात. काही शूट करताना फोन उभाच धरा, तेच इन्स्टावर आणि स्टेटसलाही चालतं. ठेवायचा कुठे? शॉपिफायवर थेट ठेवता येतो, दहा मिनिटं आणि एक जीबीपर्यंत. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर वूकॉमर्स असेल तर तिथे व्हिडिओ ठेवू नका, यूट्यूबवर ठेवून पानावर लावा. त्यात एक तोटा आहे, संपल्यावर यूट्यूब दुसऱ्यांचे व्हिडिओ सुचवतं, म्हणजे आपल्या दारातून गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. आणि प्लेअर स्वतःच जड असतो, म्हणून आधी नुसता एक फोटो आणि त्यावर प्लेचं बटण, दाबल्यावरच यूट्यूब उतरेल अशी सोय बऱ्याच थीममध्ये असते ती चालू करा. व्हिडिओ आपोआप सुरू व्हायला पाहिजे असेल तर तो मुका असावा लागतो, आवाज असलेला ब्राऊझर बहुतेक वेळा अडवतात, आणि ते बरंच आहे, रात्री झोपलेल्या बाळाशेजारी साड्या बघणाऱ्या आया कितीतरी असतात.

ऑल्ट टेक्स्ट म्हणजे फोटोमागे लिहिलेलं वर्णन, ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन हे वाचून दाखवतो, आणि फोटो उतरला नाही तर त्याच्या जागी हेच दिसतं. इथे "पैठणी साडी सेल बेस्ट प्राईस" असं भरताड भरू नका. समोर बसलेल्या आजीला सांगताय असं लिहा, "वांगी रंगाचा पदर, त्यावर चार ओळींत बांगडी मोर, हिरवा नारळी काठ." आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक आहेत ज्यांची नजर आता गेलीये, त्या सुनेसाठी साडी घेताना पान ऐकतात, त्यांनी एकदा सांगितलं की तुमच्या साईटवर मला पदर कळतो. तेव्हापासून मी एकही फोटो वर्णनाशिवाय सोडला नाही.

एक काळजीची गोष्ट, फोनच्या फोटोत तो कुठे काढला ती जागाही लिहिलेली असू शकते. मावशीसारखं घरून काम असेल तर मूळ फाईल जशीच्या तशी चढवू नका, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा.

एआयबद्दल सगळे विचारतात. मागचा पसारा काढायला, सुरकुती थोडी कमी करायला मी वापरते. पण साडीचा फोटो टाकला आणि त्याने मॉडेलला नेसवून दिली, हे मी दोनदा करून बघितलं आणि सोडून दिलं, कारण दिसायला सुंदर येतं पण पदरावरचे मोर त्याने स्वतःच्या मनाने काढलेले असतात, माना वेगळ्या, मोजल्यावर संख्या पण वेगळी, काठाची नक्षी भलतीच. विणकराने महिनोन् महिने बसून जे विणलं ते त्या फोटोत नसतंच. आणि हा नुसता भावनेचा प्रश्न नाही, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये आहे की वस्तू जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. "रंगात थोडा फरक असू शकतो" ही ओळ आम्हीही लिहितो, कारण प्रत्येकीची स्क्रीन वेगळी असते, पण त्या ओळीच्या आड वांगी आणि निळा यातला फरक लपवता येत नाही.

राहिली साफसफाई. आमची प्रत्येक हातमागाची साडी एकच असते, विकली की संपली. वूकॉमर्समध्ये प्रॉडक्ट काढून टाकलं तरी त्याचे फोटो मीडिया लायब्ररीत तसेच पडून राहतात, वर्षभरात हजारो होतात, म्हणून महिन्यातून एकदा मी बसते आणि नंबरावरून शोधून वेबसाईटवरचे फालतू फोटो काढते. मूळ फोल्डरमधले मात्र एकही नाही, आणि विकलेल्या साडीचं पानही लगेच उडवत नाही, "विकली गेली" असं लिहून ठेवते, कारण तीन महिन्यांनी कुणीतरी तेच पान पाठवून विचारतं, अशीच मिळेल का, बहिणीच्या मुलीच्या लग्नाला. मग मी ११२ चं फोल्डर उघडते आणि पदराच्या उलट्या बाजूचा मोठा फोटो येवल्याला दादांना पाठवते, डॉक्युमेंट म्हणून, ते झूम करून धागे मोजतात आणि सांगतात किती दिवस लागतील.